खरूज एकट्या पोराला होत नाही

पोळा तोंडावर आला की विदर्भातल्या आश्रमशाळा-वसतिगृहांमध्ये खाजवणारी पोरं दिसायला लागतात. बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ, मनगटाच्या आतल्या बाजूला खाजवून निघालेल्या खपल्या, कमरेला करदोड्याच्या रेषेत लाल फोड. वर्गात बसल्या बसल्या डुलक्या घेणारा मुलगा दर वेळी आळशी नसतो, कधी कधी तो रात्रभर झोपलेलाच नसतो. "दिवसा काही नाही सर, रातच्याले लय खुजते," असं तो सांगतो, आणि खरुजेचं निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

हा मुहूर्त उगाच येत नाही. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा राज्यातल्या इतर शाळांच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. सुटीत घरी लागण झालेली दोन-चार मुलं परत येतात आणि इतरांच्या शेजारी झोपू लागतात. खरुजेचा किडा ज्याच्या अंगात पहिल्यांदाच शिरतो त्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण खाज ही किड्याच्या चावण्याने येत नाही, शरीराला त्याची आणि त्याच्या विष्ठेची ॲलर्जी झाल्यावर येते. तोवर मादी कातडीत बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालत असते. मूल निवांत असतं, शिक्षक निवांत असतात, आणि लागण एका गादीवरून दुसऱ्या गादीवर जात असते. ऑगस्टमध्ये सगळे एकदम खाजवू लागतात तेव्हा 'साथ आली' असं म्हटलं जातं. साथ जुलैतच येऊन बसलेली असते. पोळ्याला आणि तान्ह्या पोळ्याला पोरं घरी जातात, तेव्हा ती धाकट्या भावंडांच्या अंगावरही पोचते.

माझं म्हणणं असं आहे की खरुजेत पेशंट म्हणजे एक मूल नव्हे. पेशंट म्हणजे ती अख्खी खोली, ते घर, कधी कधी ती सगळी वस्ती, मग तो टोला असो, कोलामांचं पोड असो की मेळघाटातला ढाणा. आपली व्यवस्था मात्र एकेका मुलाच्या हातात एकेक ट्यूब ठेवण्यावर बेतलेली आहे. म्हणून दर वर्षी औषध संपतं आणि खरूज संपत नाही.

ट्यूबचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. पाच टक्क्यांचं परमेथ्रिन मलम खरुजेवर चांगलं आहे, पण ते जिथे खाजतं तिथे लावायचं औषध नाही. मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला, नखांच्या कडांना, बेंबीत, जांघेत, ढुंगणाच्या घडीत लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी आंघोळ करायची. आठवड्या-दहा दिवसांनी परत एकदा, कारण अंड्यांतून नवे किडे निघालेले असू शकतात. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० ग्रॅम लागतं, म्हणजे एक अख्खी ट्यूब. आई-बाप, आजी आणि दोन लेकरं अशा पाच जणांच्या घराला एका रात्रीला चार-एक ट्यूब, आणि पुढच्या आठवड्यात तेवढ्याच पुन्हा. प्रत्यक्षात काय होतं? पोराला एक ट्यूब मिळते आणि 'दिवसातून दोनदा लावत जा' असं सांगितलं जातं. आई ती पुरवून पुरवून फोडांवर चोळते. खाज जरा बसते. मग महिनाभराने तीच बाई दवाखान्यात सांगते, "ट्यूब लावली तं होती मॅडम, गेली बी होती, मंग वापस आली." बाई खोटं बोलत नाही. खरूज कुठे गेलीच नव्हती. ती आजीच्या अंगावर होती, आणि लेकरू आजीच्याच कुशीत झोपतं.

हे कापूस पिकवणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गुलाबी बोंडअळी आली तेव्हा कृषी खातं सगळ्या गावाला म्हणालं होतं, फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कापूस शेतात उभा ठेवू नका, पऱ्हाट्या एकदमच काढा. एकाने काढल्या आणि शेजाऱ्याने ठेवल्या तर दोघांचंही पीक जाईल. बांधावर जी गोष्ट सगळ्यांना पटते तीच दवाखान्याच्या खिडकीशी आल्यावर आपण विसरतो. योगायोग असा की सायपरमेथ्रिन आणि परमेथ्रिन एकाच घराण्यातली औषधं आहेत. म्हणून इथेच सांगून टाकतो, फवारणीचं औषध अंगाला किंवा उवांसाठी डोक्याला लावायचा विचारही कोणी करू नये. शेतातलं औषध माणसाच्या कातडीसाठी बनवलेलं नसतं, आणि फवारणीची विषबाधा काय करते हे यवतमाळने २०१७ साली पाहिलं आहे.

आता स्वच्छतेबद्दल. खरूज दिसली की शाळेत पहिलं वाक्य येतं, "आंघोळ करत जा." मुलाच्या घरच्यांनाही तेच ऐकवलं जातं. खरुजेचा किडा कातडीच्या आत असतो, साबणाने तो धुऊन निघत नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या मुलालाही खरूज होते. साध्या खरुजेच्या रोग्याच्या सगळ्या अंगावर दहा-पंधराच किडे असतात, आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जायला त्यांना बराच वेळ कातडीला कातडी लागलेली लागते. नुसत्या हात मिळवण्याने सहसा काही होत नाही. एका सतरंजीवर दोघं झोपले की होतं. म्हणजे हा रोग घाणीपेक्षा दाटीचा आहे. अनेक वसतिगृहांत एका गादीवर दोन मुलं झोपतात, हे तिथे काम केलेल्या कोणालाही विचारा. ज्या इमारतीत मंजूर संख्येपेक्षा जास्त मुलं कोंबली आहेत तिथे गांधी जयंतीला कितीही झाडलोट केली तरी खरूज हटणार नाही.

स्वच्छतेचा काहीच संबंध नाही असं मात्र नाही. खाजवून खाजवून कातडी फुटते, त्यात जंतू शिरतात, पू होतो, त्यावर पिवळ्या खपल्या धरतात. तिथे साबण, पाणी आणि कापलेली नखं फार उपयोगाची. हे पिकलेले फोड हलक्यात घेण्यासारखे नाहीत. त्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, सकाळी उठल्यावर मुलाचा चेहरा सुजलेला दिसतो, लघवी चहाच्या रंगाची होते. खरुजेला 'साधी खाज' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पण साबणासाठी मुळात पाणी लागतं. मार्चनंतर आपल्या निम्म्या गावांत हातपंपाचा दांडा नुसता वर-खाली होतो. आणि पावसाळ्यात झडी लागली की चार-चार दिवस चड्ड्या वाळत नाहीत, ओलेच कपडे अंगावर चढतात. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते गावात आले की आधी स्वतः झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण त्यातलं कीर्तन तेवढं उचललं आहे.

दोष मुलावर टाकला की पुढचं सगळं त्याच वाटेने जातं. पोरं त्याला 'खुजल्या' म्हणू लागतात. त्याला वेगळं बसवतात. गृहपाल त्याला 'बरा होऊन ये' म्हणून घरी पाठवतात. हे घरी पाठवणं मला सगळ्यात चुकीचं वाटतं. ज्या घरातून लागण आली असण्याची शक्यता जास्त, तिथेच मुलाला परत धाडायचं, तेही बहुधा उपचाराविना. भामरागड-एटापल्लीकडच्या पावसाळ्यात नाले भरलेले असतात, गेलेला मुलगा महिनाभर परत येत नाही, आणि कधी कधी येतच नाही. खरं तर एक रात्र औषध नीट लावलं की दुसऱ्या दिवशी मूल वर्गात बसू शकतं. तोडायचं असेल तर आजाराचं चक्र तोडावं, शाळा कशाला तोडायची?

मुलींचं आणखी वेगळं. पुरळ स्तनांभोवती, जांघेत असतं, दाखवायला लाज वाटते, तपासायला पुरुष डॉक्टर असेल तर मुलगी 'काही नाही' म्हणते. रांगेत उभं करून सगळ्यांसमोर बाह्या वर करायला लावणं हे तर मुलांच्याही बाबतीत बंद व्हावं. शाळांत जाऊन मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात एक पुरुष आणि एक महिला वैद्यकीय अधिकारी असणं अपेक्षित आहे. दोघंही येतात का, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारायला काय हरकत आहे?

हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याच्या तपासणीच्या यादीत खरूज, बुरशी आणि इसब हे त्वचेचे विकार नावानिशी आहेत. म्हणजे सरकारला हा प्रश्न माहीत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ते जानेवारीत आलं तर जुलैत आलेल्या खरुजेने तोवर सगळं वसतिगृह फिरून झालेलं असतं. डोळे, दात, कान वर्षातून एकदा तपासून चालतं. खरूज मात्र शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात आणि दिवाळीच्या सुटीनंतर, अशी दोनदा पाहायला हवी. त्याला डॉक्टरच हवा असंही नाही. बोटांची बेचकी, मनगट, कोपर, काख आणि बेंबीभोवतीचा भाग पाहायला आणि 'रात्री खाज वाढते का, घरात आणखी कोणाला आहे का' हे दोन प्रश्न विचारायला आशाताई आणि वर्गशिक्षक अर्ध्या दिवसात शिकतात. अंग पाहताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं, फिकट किंवा लालसर चट्टा ज्यावर स्पर्श कळत नाही. कुष्ठरोग गडचिरोली-चंद्रपूरकडे अजून आहे, लवकर सापडला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि खाजत नसल्यामुळे मूल स्वतःहून कधीच सांगत नाही.

मग औषध कोणतं? इथे एक गोष्ट आपल्या जिल्ह्यांत आधीच होऊन गेली आहे आणि तिची फारशी चर्चा झाली नाही. हत्तीपायाच्या निर्मूलनासाठी पूर्व विदर्भात वर्षानुवर्षे घरोघरी गोळ्या वाटल्या जातात. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात या मोहिमेत तीन औषधं एकत्र दिली गेली, त्यातलं एक आयव्हरमेक्टिन. हेच आयव्हरमेक्टिन खरुजेचा किडा मारतं. म्हणजे आरोग्य कर्मचारी उंची मोजून, वय पाहून, गरोदर बाया आणि लहान लेकरं वगळून ही गोळी समोर खायला लावत दारोदार फिरले आहेत. हे आमच्याकडे जमणार नाही, असं म्हणायला आता जागा नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आयव्हरमेक्टिन आलं आहे.

सगळ्यांना एकदम औषध देण्याचा उपयोग होतो का, याचं उत्तर फिजीतून आलं आहे. तिथल्या बेटांवर लोकांचे तीन गट केले. एका गटात नेहमीसारखं, ज्याला खरूज त्याला आणि त्याच्या घरच्यांना मलम. दुसऱ्यात सरसकट सगळ्यांना मलम. तिसऱ्यात सरसकट सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरानंतर पहिल्या गटातली खरूज साधारण ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आली, दुसऱ्यात ४२ वरून १६ वर, आणि गोळ्यांच्या गटात ३२ वरून २ टक्क्यांच्याही खाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरुजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. तिने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सुचवलं की ज्या वस्तीत दहा टक्के किंवा जास्त लोकांना खरूज आहे तिथे सगळ्यांना औषध द्यावं.

सगळ्यांना म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला, असं माझं म्हणणं नाही. उगाच गोळ्या वाटल्या तर किडे औषधाला दाद देईनासे होतील ही भीती खोटी नाही, जगात काही ठिकाणी तशी चिन्हं दिसली आहेत. म्हणून आधी मोजावं. प्रत्येक निवासी शाळेत पहिल्या पंधरवड्यात किती मुलांना खरूज आहे याची नोंद व्हावी. दहात एक किंवा जास्त निघाली तर त्या वसतिगृहातल्या सगळ्यांना, स्वयंपाकी बायांना, कामाठ्यांना आणि गृहपालांनाही एकाच दिवशी औषध मिळावं. आठ-दहा दिवसांनी दुसरा डोस. ज्या मुलांना प्रत्यक्ष खरूज आहे त्यांच्या घरच्यांना त्याच आठवड्यात गावच्या उपकेंद्रातून. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या लेकरांना आणि गरोदर बायांना गोळी नाही, त्यांच्यासाठी परमेथ्रिन. त्या रात्री वापरातल्या चादरी, टॉवेल, कपडे गरम पाण्यात धुऊन वाळवायचे, आणि जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवायचं. माणसाच्या अंगाबाहेर किडा सहसा त्याहून जास्त जगत नाही. घरादाराला धूर देण्याची, भिंती रंगवण्याची गरज नाही.

आणि सगळ्या पालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची. औषधाने किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेले किडे कातडीतच असतात. हे न सांगितल्यामुळे किती लोक 'औषध लागू पडलं नाही' म्हणून मेडिकलमध्ये जातात!

मेडिकलचा विषय निघालाच आहे तर. गजकर्ण, आपल्याकडे ज्याला गचकरण म्हणतात, ते आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. दोन आठवड्यांच्या मलमाने जाणारा चट्टा आता महिनोन् महिने पोट, जांघ, चेहरा व्यापतो. बुरशीची 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' नावाची जात पसरली आहे, तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बऱ्याचदा चालत नाही. त्यात भर स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांची. काउंटरवर बोट दाखवून 'खुजलीची ट्यूब द्या' म्हटलं की बहुधा यातलीच एक हातात पडते. एका दिवसात लाली उतरते, खाज थांबते, गिऱ्हाईक खूश. आत बुरशी मात्र निवांत वाढते, आणि खरूज असेल तर तीही, फक्त ओळखू येईनाशी होते. पोरांच्या मांडीवरची कातडी पातळ होऊन पांढऱ्या रेघा पडतात, त्या जन्मभर जात नाहीत. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तालुक्याच्या बाजारात हा नियम कोणी पाळताना दिसतो का? अन्न व औषध प्रशासनाने शाळा उघडण्याच्या आठवड्यात दुकानं तपासली तरी पुरे.

मुख्याध्यापकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. आश्रमशाळेत वीस मुलांना खरूज झाल्याची बातमी पेपरात आली की दुसऱ्या दिवशी चौकशी लागते, नोटीस निघते. मग पुढच्या वर्षी मुख्याध्यापक आरोग्य केंद्राला कळवतच नाहीत. गुपचूप मेडिकलमधून ट्यूबा आणतात, मुलांना घरी पाठवतात. कळवणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला शांतता, असा हा व्यवहार आहे. खरूज सापडणं हा शाळेचा गुन्हा नाही. सापडल्यावर पंधरा दिवसांत सगळ्यांवर उपचार झाले नाहीत, तर मात्र कारणं दाखवा म्हणावं, आणि तेही आरोग्य विभागाला धरून. गादीवर दोन मुलं का झोपतात याचं उत्तर तर मुख्याध्यापकांकडे नसतंच, ते इमारत आणि पलंग मंजूर करणाऱ्यांकडे मागायला हवं.

काम अडतं ते खात्यांच्या हद्दीवर. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तपासणी पथक राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडे, आणि मुलाचं घर तिसऱ्याच तालुक्यातल्या उपकेंद्राच्या हद्दीत. खरुजेसाठी वेगळं बजेट कोणाकडेच नाही. त्यामुळे एकच पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने प्रकल्प अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि शिक्षणाधिकारी या तिघांना जायला हवं, आणि तेही शाळा सुटण्याआधी, एप्रिलमध्ये. सोबत प्रत्येक वसतिगृहातल्या मुलांची वजनं: पंधरा किलोच्या वर किती, खाली किती. ३० किलोच्या मुलाला एका वेळेला ६ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन लागतं, म्हणजे किती गोळ्या आणि किती ट्यूबा मागवायच्या हा हिशेब कोणताही औषधनिर्माता एका बैठकीत करून देतो. ती मागणी सुटीत नोंदवली गेली तर जुलैत औषध शाळेत असेल, आणि कोणत्या जिल्ह्याने ती नोंदवली आणि कोणत्या नाही हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल.